म्हातारा कुत्रा रात्री रडला तर अशुभ नसतं

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मी चरईत राहते, तुमचा पेपर आमच्याकडे सासऱ्यांच्या वेळेपासून येतो, पण पत्र पहिल्यांदाच लिहितेय तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या. विषय म्हाताऱ्या कुत्र्याचा आहे. पिल्लू कुठलं घ्यावं, त्याला काय खायला घालावं यावर सगळीकडे लिहून येतं, तो म्हातारा झाल्यावर काय होतं ते कोणीच सांगत नाही.

आमचा गुंड्या गावठी आहे. एका पावसाळ्यात मुलीने क्लासवरून येताना दप्तरात घालून आणला होता, आता त्याला १४ संपून १५वं लागलंय. आयुष्यभर शहाणा कुत्रा. गेल्या दिवाळीनंतर मात्र रात्री दोन-अडीचला उठायला लागला आणि हॉल ते किचन, किचन ते हॉल, फरशीवर नखांची नुसती टकटक टकटक. मधेच भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. दार उघडायला गेलं की जिकडून उघडतं तिकडे न जाता बिजागरीच्या फटीला नाक लावून वाट बघायचा. एकदा वॉशिंग मशीनच्या मागे शिरला आणि मागे सरकून बाहेर यायचं असतं हेच विसरला, ह्यांनी मशीन ओढून काढला त्याला. हॉलमध्ये शू करायला लागला. आणि खोटं कशाला बोलू, मी त्याला ओरडले, एकदा तर तुमच्याच पेपरची गुंडाळी करून फरशीवर आपटली. तो कोपऱ्यात जाऊन थरथरत बसला, आपलं काय चुकलं हे त्याला कळलेलंच नव्हतं.

मग तो रात्री रडायला लागला, म्हणजे भुंकणं नाही, तोंड वर करून हेल काढणं. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या काकू दारात. त्यांच्याकडे आजारी माणूस आहे, म्हणाल्या कुत्रं रडलं की घरात काहीतरी वाईट होतं, त्याला यम दिसतो, तुम्ही याला कुठेतरी सोडून या. मला आधी रागच आला. पण माझी आजी पण हेच म्हणायची आणि रात्री कुत्रं रडलं की उठून त्याला हाकलून यायची, त्यामुळे काकूंना काय बोलणार. फक्त आता वाटतं की आजीच्या गावातली ती रडणारी कुत्री पण म्हातारीच असतील, दुखत असेल त्यांना काहीतरी.

पहिल्या डॉक्टरांनी हात न लावताच सांगितलं, वय झालं, असंच चालायचं. दुसऱ्या डॉक्टर बाईंनी मोबाईलवर रात्रीचा व्हिडिओ काढून आणायला सांगितला, तो दोनदा बघितला आणि मग लघवी, रक्त, किडनी, शुगर, थायरॉईड, बीपी, कमरेचा एक्सरे सगळं केलं, कारण यातलं काहीही बिघडलं तरी कुत्रा असाच वागतो आणि त्यातलं बरंचसं औषधाने आटोक्यात येतं. गुंड्याच्या कमरेत संधिवात निघाला, ऐकू पण कमी येतंय, आणि उरलेलं जे आहे ते डोक्याचं. माणसांना अल्झायमर होतो तसंच, मेंदूत तेच अमायलॉइड नावाचं प्रोटीन साचतं. वेळ, जागा, माणसं यांचा गोंधळ होतो, दिवसाची रात्र होते. अमेरिकेत डेव्हिसच्या विद्यापीठाने २००१ मध्ये छापलेल्या अभ्यासात ११-१२ वर्षांच्या २८ टक्के कुत्र्यांमध्ये यातलं निदान एक तरी लक्षण होतं आणि १५-१६ वर्षांच्यांमध्ये ६८ टक्के! म्हणजे आमचा काही जगावेगळा नाही.

बाईंनी अजून एक बजावलं ते सगळ्यांनी लक्षात ठेवा, आपल्या डब्यातली पेनकिलर कुत्र्याला द्यायची नाही. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, किडनी जाते. ह्यांनी आदल्या आठवड्यात अर्धी गोळी भाकरीत घालायला काढली होती, मीच नको म्हटलं, ते पण गोळी महाग म्हणून हो, अक्कल म्हणून नाही.

आता त्याचं दुखण्याचं औषध चालू आहे आणि सेलेजिलिन म्हणून एक गोळी आहे, मूळ माणसांच्या पार्किन्सनची, ती सुरू केलीय. बरा होणार नाही हे बाईंनी स्पष्ट सांगितलंय. पण खरा फरक पडला तो घरातल्या गोष्टींनी. गुळगुळीत टाईल्सवर त्याचे मागचे पाय फाकायचे म्हणून तो घाबरून उभाच राहायचा, मुलीच्या जुन्या योगा मॅट आणि दोन सतरंज्या अंथरल्या तर पहिल्याच रात्री जाऊन पाण्याच्या भांड्यापाशी स्वतःहून बसला. रात्री पॅसेजमधला झिरोचा दिवा चालू. सोफा, भांडं, अंथरूण काही हलवायचं नाही. झोपण्याआधी अकराला एक चक्कर आणि दिवसा तलावपाळीच्या बाजूला अर्धा तास त्याला हवं ते हुंगू द्यायचं, ओढायचं नाही, मग रात्री तो थोडा तरी झोपतो. झोपलेल्याला हात लावायचा नाही, आधी जमिनीवर पाय आपटायचा म्हणजे हादरा कळतो, कारण माझ्या भाच्याच्या मुलाने मागून मिठी मारली तेव्हा दचकून त्याने दात दाखवले होते आणि सगळे म्हणाले पिसाळला.

सोडून या म्हणणाऱ्यांसाठी पण लिहिते. उपवनजवळ गळ्यात पट्टा असलेला पांढऱ्या तोंडाचा लॅब्रॅडॉर मी स्वतः बघितलाय, प्रत्येक गाडीच्या मागे लंगडत जायचा. पाळलेलं जनावर असं सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आता पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये आहे ही वेगळी गोष्ट, पन्नास रुपयांत ठाण्यात धड मिसळ येत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचना आहेत की भुंकतो म्हणून सोसायटीला कुत्रा काढायला लावता येत नाही. पण त्यातच हे पण आहे की मालकाने कुत्रा रात्री शांत राहील यासाठी सगळे प्रयत्न करावेत, आणि ते मला पटतं. वरच्या काकूंची झोप मोडते हे खरंच आहे. म्हणून आम्ही त्याला आतल्या खोलीत घेतला, खिडकी बंद करून पंखा मोठा ठेवतो, आणि काकूंना जाऊन डॉक्टरांचा कागद दाखवून आलो. त्यांनी वाचला नाही, पण चहा दिला.

तुमच्या आरोग्याच्या पानावर एखाद्या जनावरांच्या डॉक्टरांकडून यावर लिहून घ्याल का, एवढीच विनंती, कारण पहिले चार महिने मी त्याला शिस्त लावत होते.

आमच्या सोसायटीत अजून लिफ्टमध्ये कुत्रा न्यायला मनाई आहे. त्याच २०१५ च्या सूचनांत लिफ्ट नाकारू नका असंही लिहिलंय, त्याची प्रिंट सेक्रेटरींना दिलीय, पुढच्या मीटिंगला विषय घेतो म्हणालेत. तोवर रोज तीन वेळा तीन मजले, टॉवेल त्याच्या पोटाखालून घालून एक टोक ह्यांच्या हातात आणि एक माझ्या, असे आम्ही तिघं जिना उतरतोय.

आपली एक वाचक,
चरई, ठाणे