आपली मारबत यादीत काऊन नाही?

माराकेश, मोरोक्को,
पोळ्याचा पाडवा

तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार,

काल फोनवर तुम्ही म्हणालात, "कोलकात्याची दुर्गापूजा युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली, गुजरातचा गरबा गेला, मग आपली नागपूरची मारबत काऊन नाही?" तेवढ्यात लाइन तुटली. म्हणून हे पत्र.

गंमत म्हणजे, त्या यादीचं एक मूळ माझ्या खोलीपासून दहा मिनिटांवर आहे. जामा अल-फना नावाचं मैदान. संध्याकाळी शेगड्यांचा धूर, संत्र्याच्या रसाच्या गाड्या (नागपूरकराने इथे संत्र्याचा रस विकत घ्यावा, काय दिवस आले!) आणि माणसांच्या कोंडाळ्यात उभे कथेकरी. काल एकाने गोष्ट ऐन रंगात आणली आणि गप्पच बसला. टोपी फिरली, नाणी खणखणली, मग गोष्ट पुढे सरकली. भाषा मला कळत नाही, टोपी बरोबर कळली.

नव्वदच्या दशकात इथे उंच इमारत आणि जमिनीखाली पार्किंग करायचं घाटत होतं. इथेच राहणारे स्पॅनिश लेखक हुआन गोयतिसोलो आडवे आले. माराकेशचं जुनं शहर 1985 पासून जागतिक वारशात होतं, पण 1972 चा तो करार भिंती, मनोरे, जंगलं सांभाळणारा. गोष्ट सांगणाऱ्या तोंडाला त्यात जागा नव्हती. जपानने 1950 मध्येच आपल्या कायद्यात अशा कलांना स्थान दिलं होतं. बोलिव्हियाने 1973 मध्ये युनेस्कोला पत्र लिहिलं, की आमचं लोकसंगीत परके उचलतात, काहीतरी करा. त्यावर 1989 मध्ये निघाली एक शिफारस. ती कुणावर बंधनकारक नव्हती, आणि भर सगळा नोंदी करून कपाटात ठेवण्यावर. मग 1997 मध्ये माराकेशलाच तज्ज्ञांची बैठक झाली, आणि 2001 मध्ये युनेस्कोने अशा वारशाच्या पहिल्या 19 परंपरा जाहीर केल्या. त्यात हे मैदान होतं, केरळचं कुटियाट्टम हे संस्कृत नाट्यही होतं. अमूर्त वारशाचा खरा करार आला 2003 मध्ये, भारत त्यात 2005 मध्ये सामील झाला.

आता मारबत. बांबू-कागदाची बाई दरवर्षी नवी करायची, इतवारीतून मिरवायची आणि जाळून टाकायची. संग्रहालयाने ठेवायचं काय, राख? या करारात ती चपखल बसते. पण अर्ज सरकारनेच पाठवायचा असतो, परंपरा चालवणाऱ्यांची संमती घेऊन. माझं घोडं तिथे अडतं. मारबतीमागून बडगे, म्हणजे टोमणे मारणारे पुतळे, निघतात, महागाईचे, पुढाऱ्यांचे. सरकारच्या सहीच्या अर्जात सरकारचाच बडग्या कसा बसणार? आणि यादीत गेल्यावर मंडळंच जपून बडगे काढू लागली तर? मला तरी घाई नाही.

यंदा बडगे कुणाकुणाचे निघाले ते मात्र सविस्तर लिहा. व्हिडिओ नको, त्यात नुसता डीजे ऐकू येतो. रविवारी फोनवर तुमच्याच आवाजात "घेऊन जा गे मारबत" ओरडून दाखवा. आई रागावेल, रागावू द्या.

तुमचा,
बंटी