रोपवेच्या दोराची चुंबकीय तपासणी सक्तीची करा

महोदय,

पावागडावर ६ सप्टेंबर २०२५ रोजी मालवाहू रोपवेचा दोर तुटून सहा जणांचा बळी गेला. त्याच्या तीन दिवस आधी लिस्बनमध्ये ग्लोरिया फ्युनिक्युलरचा (दोराने चढावर ओढल्या जाणाऱ्या रेल्वेचा) दोर तुटला आणि १६ जण दगावले. तिथे त्याच दिवशी सकाळी दोराची नजरतपासणी झाली होती. महाराष्ट्रात नव्या रोपवेंचे प्रस्ताव येत आहेत. अशा वेळी ‘दोर तपासला’ म्हणजे नेमके काय केले, हे करारातच लिहिलेले हवे.

पोलादी दोर बहुधा सहा पेडांचा असतो आणि एकेका पेडात कितीतरी तारा असतात. डोळ्यांना दिसतात त्या फक्त वरच्या. पेड एकमेकांवर घासतात तिथल्या तारा आतल्या आत तुटतात. पावसाने ग्रीस धुऊन गेले की गाभ्याकडून गंज चढतो, वरून मात्र दोर ठणठणीत दिसतो. फडके धरून दोर फिरवला तर बाहेर आलेले टोक अडकते, आतले नाही. म्हणूनच मॅग्नेटिक फ्लक्स लीकेज ही तपासणी हवी.

यात दोन भागांत उघडणारे यंत्र दोराभोवती बसवतात. त्यातले कायमचुंबक दोर लांबीच्या दिशेने पूर्ण चुंबकित करतात. तार तुटलेल्या जागी चुंबकीय प्रवाह दोराबाहेर सांडतो आणि संवेदक तो टिपतात. आलेखावर दोन रेषा उमटतात: एलएफ, म्हणजे तुटलेली तार किंवा गंजाचा खड्डा यांसारखा एका जागचा दोष, आणि एलएमए, म्हणजे धातूचे क्षेत्रफळ किती टक्के घटले. दोन्ही रेषा मागितल्याच पाहिजेत. सर्वत्र सारख्या झिजलेल्या दोराची एलएफ रेषा फसवी शांत दिसू शकते.

अहवाल हातात आला की आधी यंत्र कसे जुळवले ते विचारावे. २८ मिमी व्यासाच्या, धाग्याच्या गाभ्याच्या दोरात धातूचे क्षेत्रफळ साधारण ३१० चौरस मिमी असते. त्यावर २ मिमी व्यासाची पोलादी तार काही मीटर लांब बांधली की एलएमएच्या रेषेवर धातूचे क्षेत्रफळ सुमारे १ टक्का वाढलेले दिसायला हवे. तसे दिसले नाही, तर पुढचे सगळे आकडे निरर्थक. तार अगदी आखूड बांधून चालत नाही, कारण यंत्र ठरावीक लांबीची सरासरी घेते; याच कारणाने आखूड दोषही प्रत्यक्षापेक्षा लहान दिसतो. पहिली फेरी दोर सारखा चुंबकित करण्यापुरती धरावी, नोंद दुसऱ्या फेरीची. तुटलेल्या टोकांमध्ये फट नसेल तर संकेत क्षीण येतो, म्हणून तपासणी दोर ताणावर असतानाच व्हावी.

नवा दोर चढवून सुरुवातीचा ताण बसला की लगेच मूळ नोंद घ्यावी. आमच्या मते ही सर्वांत मोलाची नोंद आहे आणि हीच बहुधा राहून जाते. काही वर्षांनंतर आलेला आलेख कशाशी ताडणार? अखंड दोराचा, म्हणजे दोन्ही टोके गुंफून वेटोळे केलेल्या दोराचा, सांधा व्यासाच्या सुमारे १२०० पट लांब असतो, म्हणजे २८ मिमी दोरात जवळपास ३४ मीटर. तिथे पेड गाभ्यात शिरतात आणि आलेख उसळ्या मारतो. मूळ नोंद असेल तरच त्या उसळ्यांत लपलेली नवी तुटलेली तार ओळखू येते.

या यंत्रालाही न दिसणाऱ्या जागा आहेत. सॉकेटच्या, म्हणजे दोराचे टोक ज्यात पक्के बसवतात त्या कोशाच्या, आत ते पोहोचत नाही आणि डबा दोराला धरून ठेवणाऱ्या पक्क्या ग्रिपवरून पुढे सरकत नाही. लिस्बनचा दोर डब्याला जोडलेल्या टोकाशीच तुटला, जोड सोडवल्याशिवाय न दिसणाऱ्या जागी. इटलीत मोत्तारोने येथे २३ मे २०२१ रोजी रोपवेची गाडी कोसळून १४ जण गेले. तिथे आपत्कालीन ब्रेक निकामी करून ठेवला होता हे खरे, पण गाडी ओढणारा दोर तुटला तो गाडीजवळच्या टोकाला. त्यामुळे ठरावीक मुदतीत टोक कापून सॉकेट नव्याने भरणे आणि ग्रिप सरकवून तिच्याखालचा दोर तपासणे, ही कामे चुंबकीय तपासणीइतकीच बंधनकारक हवीत.

परवाना देणाऱ्या यंत्रणेने दरवर्षी मूळ नोंदीशी ताडलेला आलेख मागावा. शेवटच्या तपासणीची तारीख, एलएमएची सर्वाधिक घट आणि सॉकेट कधी भरले, या तीन गोष्टी तिकीटखिडकीवर लावाव्यात.

– धातुतपासणी क्षेत्रातील काही अभियंते, पुणे