सही तेवढी आमची, बाकी सगळं वरचं

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जिल्हा परिषदेच्या शाळांवरचा आपला कालचा अग्रलेख वाचला. शाळा ओस पडताहेत त्याला पालकच जबाबदार आहेत, शाळा व्यवस्थापन समित्या नावापुरत्या उरल्या आहेत आणि समितीवरच्या बायकांना आपण कशावर सही करतो हेही ठाऊक नसतं, असं आपण लिहिलंत. लिहिलंय छान. पण ज्या बायकांबद्दल लिहिलंत त्यातल्या एक माझ्या थोरल्या जाऊबाई. मागच्या समितीच्या त्या अध्यक्ष होत्या. शिक्षण सातवीपर्यंत, पण समितीचं पासबुक त्यांना तोंडपाठ होतं. आपण कशावर सही करतो ते त्यांना नीट कळत होतं. सही केलेला कागद तालुक्याला गेल्यावर त्याचं पुढं काय होतं, ते मात्र त्यांना कुणी सांगितलं नाही. आपल्याला माहीत असेल तर पुढच्या अग्रलेखात जरूर लिहावं, कात्रण जपून ठेवू.

मी समितीवर नव्हते. मी गावातली शिलाईवाली, आणि माझा धाकटा याच शाळेत तिसरीत आहे. शाळेचे गणवेश बरीच वर्षं मीच शिवत आले. जाऊ अध्यक्ष आणि काम जावेला, असं कुणी म्हणेल, म्हणून आधीच सांगते की आमच्या गावात शिलाई मशीन चालवणारी मी एकटीच आहे. आणि त्यात मिळायचं काय तेही ऐका. मुलामागं दोन गणवेशांचे ६०० रुपये समितीच्या खात्यावर यायचे, म्हणजे एका गणवेशाला ३००. हा दर २०१८ सालचा, जेव्हा शाळांसाठीचं केंद्राचं समग्र शिक्षा अभियान सुरू झालं. तेव्हापासून सुताचे, बटणांचे, विजेचे, सगळ्याचे भाव वाढले, गणवेश तीनशेलाच. जाऊबाई, गुरुजी आणि दोन पालक आठवडी बाजारात जाऊन तागा आणायचे. पैसे वेळेवर आले नाहीत तर दुकानदार ओळखीवर उधार द्यायचा. तो थोडं सोडायचा, मी थोडं सोडायचे. पोर पुढच्या वर्षी वाढणार म्हणून कमरेला आतून दोन बोटं माया, म्हणजे जास्तीचं कापड, ठेवायची, शर्टाला खाली रुंद दुमड घालायची. मोठ्या भावाचा गणवेश धाकट्याला बसेल असं शिवायचं. याचं प्रशिक्षण आम्हाला कुणी दिलं नव्हतं.

मग २०२४ मध्ये सरकारची ‘एक राज्य, एक गणवेश’ योजना आली. तेव्हाचे शिक्षणमंत्री श्री. दीपक केसरकर यांना वाटलं, सगळ्या राज्यातली मुलं एकसारखी दिसावीत. दिसावीत की, आमचं काही म्हणणं नाही. पण त्यासाठी आमच्या समितीच्या खात्यावरचे पैसे वर गेले. कापड वरून ठरलं, कटिंग वरूनच आलं, आणि ते शिवायला कुठल्या कुठल्या बचत गटांना दिलं. जूनमध्ये शाळा भरली, गणवेश नाही. जुलै गेला, गणवेश नाही. १५ ऑगस्टला झेंडावंदनाला आमची निम्मी पोरं मागच्या वर्षीच्या विटक्या कपड्यांत आणि उरलेली लग्नातल्या कपड्यांत उभी. त्या दिवशीचा फोटो आपल्याच वार्ताहरानं काढला होता. छापून आला तो तालुक्याच्या ठिकाणचा, ज्यात सगळे एकसारखे दिसत होते.

शेवटी गठ्ठे आले. गठ्ठ्यावर इयत्ता लिहिलेली. म्हणजे दुसरीतलं पोर म्हटलं की अंगानं ते दुसरीएवढंच असणार, असा हिशोब. आमच्या दुसरीत एक पोरगं असं आहे की शर्टात दोन बसतील, आणि एक असं की शर्ट पोटावर मिटत नाही. एका शर्टाची एक बाही दुसऱ्या बाहीपेक्षा बोटभर लांब होती. काजं कापलेली नव्हती, नुसती शिवलेली, त्यामुळं बटण लावायला आयांनी घरी ब्लेड घेतलं आणि त्यात कापडही फाटलं. पण सगळ्यात वाईट होती ती हाफपॅन्ट. आसन, म्हणजे दोन पायांमधला भाग, इतकं कमी धरलेलं की पोर मांडी घालून बसलं की टराटरा उसवायची. जिल्हा परिषदेच्या शाळेत पोर दिवसभर सतरंजीवर मांडी घालूनच बसतं, हे ज्यानं कापलं त्याला कोण सांगणार? त्याच्या डोळ्यांसमोर बाकंच असणार. शाळा सुटली की आया पोरांना तशाच माझ्या ओट्यावर घेऊन यायच्या. मी आतून पट्टी जोडून आसन वाढवून दिलं, एकीकडूनही पैसे घेतले नाहीत. ज्या बायकांनी ते शिवलं त्यांच्याबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. कापून आलेल्या तुकड्यांतून त्या तरी दुसरं काय शिवणार होत्या.

दुसरा गणवेश स्काऊट-गाईडचा. त्याचं नुसतं कापड आलं आणि सोबत फर्मान, की हा समितीनं स्थानिक पातळीवर शिवून घ्यावा. म्हणजे त्या वेळी मात्र आम्ही आठवलो. दर, शिलाईचे १०० रुपये आणि वर किरकोळ खर्चाला १०. स्काऊटच्या शर्टाला दोन झाकणाचे खिसे असतात, खांद्यावर पट्ट्या असतात, हे ज्यांनी शंभर ठरवले त्यांनी कधी बघितलं असेल असं वाटत नाही. तालुक्यातल्या टेलरांनी सरळ हात जोडले. जाऊबाई म्हणाल्या, “आपल्याच गावची पोरं हायती, शिवून टाक, पैसं येतील.” मी शिवले. दिवाळीच्या आधी, जेव्हा बायकांचे ब्लाऊज शिवायचे दिवस असतात तेव्हा. बिल दिलं, त्यावर गुरुजींची सही झाली, जाऊबाईंची झाली. मग बिल तालुक्याला गेलं. जीएसटीचं बिल नाही म्हणून ते परत आलं. ओट्यावर मशीन टाकून बसलेल्या बाईकडं जीएसटी नंबर मागतात, आणि अग्रलेखात लिहून येतं की समितीला समज नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनंच तो निर्णय मागं घेतला आणि पुढच्या वर्षापासून गणवेश पुन्हा समितीकडं सोपवला. चांगलं झालं. पण ते एक वर्ष कुणाच्या नावावर टाकायचं? पुस्तकांत वहीची कोरी पानं घातली तीही अशीच, २०२३ ला घातली आणि २०२५ ला काढली. अंड्यांचंही तेच. पोषण आहारात अंडं द्यायचं ठरलं, पोरं आठवड्यातल्या त्या दिवशी न चुकता शाळेत यायला लागली, आणि जानेवारी २०२५ ला कळवलं की अंड्यांसाठी वेगळा निधी मिळणार नाही, हवं तर लोकसहभागातून द्या. सरकारच्या हाती पैसे असतात तोवर निर्णय मंत्रालयात, ते संपले की लोकसहभाग. गावात कोंबड्या आहेत, संपादकसाहेब, पण त्या ज्यांच्या आहेत त्यांनाही अंडी विकूनच तेल-मीठ आणायचं असतं.

याचा जाब विचारायचा कुणाला, तेही सांगा. पूर्वी जिल्हा परिषदेचा सदस्य होता. फार काही करायचा असं नाही, पण लग्नाकार्याला यायचा, तेव्हा मांडवातच धरता यायचा. मार्च २०२२ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि तिथं प्रशासक आले. ना सदस्य, ना शिक्षण सभापती. निवडणुका घ्या हे मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. म्हणजे पोर पहिलीत घातलं तेव्हाही प्रशासक आणि चौथीत गेलं तरी प्रशासक. आमच्या इथं गटशिक्षणाधिकारीही प्रभारी. प्रभारींना भेटायला गेलं की ते व्हीसीला, म्हणजे व्हिडिओवरच्या बैठकीला, बसलेले असतात. याच्यावर आपला अग्रलेख आला असेल तर तो अंक आमच्या गावात पोचला नाही.

अनुदानाचंही लिहिते, कारण आपण ‘शाळांना भरघोस निधी मिळतो’ असं लिहिलंय. पट ३० च्या वर आणि १०० पर्यंत असेल तर वर्षाला २५ हजार, ३० पर्यंत असेल तर १० हजार. आमच्या शाळेतली दोन घरं कामधंद्यासाठी पुण्याला गेली, पोरं कमी झाली आणि शाळा दहा हजारांच्या रांगेत येऊन बसली. खडू, लाईट बिल, नळाची तोटी, झाडू-फिनेल, सगळं त्यातच. छत मात्र तेवढंच आहे, पट कमी झाला म्हणून ते कमी गळत नाही. बरं, ते पैसे जूनमध्ये मिळतील तर शपथ. समितीचं जुनं खातं बंद करायला लावलं, नवं झिरो बॅलन्सचं काढलं. त्यात पैसे नसतात, लिमिट येतं, म्हणजे अमुक इतकेच खर्च करा अशी मर्यादा. गेल्या खेपेला मार्च संपता संपता लिमिट आलं, त्यात बँकेला जोडून सुट्ट्या, आणि ३१ मार्चला ते परत गेलं. मग जाऊबाईंना विचारणा झाली, निधी अखर्चित का राहिला? लेखी खुलासा मागितला. खुलाशावर परत त्यांचीच सही.

पोरांना वाचता येत नाही असं आपण म्हणता. काहींना नाही येत, खरं आहे. चार वर्गांना दोन शिक्षक. शिक्षण हक्क कायद्यात लिहिलंय की जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकांना बाहेरची कामं देऊ नयेत. पण निवडणूक म्हणजे मतदार यादीसुद्धा, आणि ती तर बारमाही. एक गुरुजी यादी घेऊन वस्तीवर, दुसरे हजेरी, खिचडीचा आकडा आणि झाडाचा फोटो मोबाईलवर भरायला रेंज शोधत पाण्याच्या टाकीजवळ. वर्गात कोण? चौथीतली पोरगी पहिलीला बाराखडी देते. ती चांगली देते, पण तिलाही शिकायचं आहे ना. सकाळी पारावर इंग्रजी शाळेची पिवळी गाडी येते, त्यात पोर घालणाऱ्या आईला मी नावं ठेवणार नाही. पुणे जिल्ह्यातल्या जालिंदरनगरच्या शाळेचं उदाहरण आपण दिलंत. २०२५ मध्ये त्या शाळेला जगातला पुरस्कार मिळाला, आम्हालाही आनंद झाला. पण तिथं गावानं आणि गुरुजींनी मिळून आपल्या डोक्यानं केलं म्हणून झालं. आम्हाला पॅन्टीचं आसनसुद्धा आमच्या डोक्यानं धरू दिलं नाही.

जाता जाता एक. आपल्या अंकात आमच्या तालुक्याचं अर्धं पान असायचं, ते बंद करून तिथं इंग्रजी शाळांच्या प्रवेशाच्या जाहिराती येतात. परवाच्या अंकात तर अख्खं पान होतं, रंगीत. पालक इंग्रजी शाळांच्या मागं धावतात म्हणून अग्रलेख लिहायचा आणि त्याच आठवड्यात धावायचा रस्ताही छापायचा, हे कसं? जमलं तर त्या पानावर तालुक्यातल्या प्रत्येक शाळेला या वर्षी किती अनुदान आलं आणि कोणत्या तारखेला आलं, एवढं छापा. तारखेसकट छापा. माहिती अधिकारात मागितलं तर मिळेल, आपल्याला तर आमच्यापेक्षा लवकर मिळेल.

कळावे,
आपली एक वाचक

ता. क. नाव-गाव छापू नये. शंभर रुपये दरानं शिवलेल्या स्काऊटच्या गणवेशांचं बिल अजून अडकलेलं आहे, आणि यंदाच्या गणवेशांचं माप घ्यायला मी सोमवारी शाळेत जाणार आहे.