गाड्या मोजा, पण घरागणिक

महोदय,

रस्ते आणि पार्किंगचे अंदाज एकूण नोंदणीच्या आकड्यांवर बांधणे चुकीचे आहे; भंगारात गेलेली गाडी नोंदवहीत वर्षानुवर्षे जिवंत राहते. त्याऐवजी तीच घरे दरवर्षी गाठून मोटार आणि मोटारसायकल वेगवेगळी, पण एकाच गणिती प्रारूपात (मॉडेलमध्ये) मोजावीत. मोटार आली म्हणून दुचाकी जातेच असे नाही. ती कॉलेजात जाणाऱ्या मुलाकडे राहते. उत्पन्न वाढले की गाडी येते, घटले तरी लगेच विकली जात नाही. म्हणून गेल्या वर्षी दारात काय उभे होते, हे त्या प्रारूपाच्या समीकरणात हवेच. मात्र काही घरांचा मूळचाच गाडीकडे ओढा असतो. तो वेगळा काढला नाही, तर गाडी टिकण्याचे सगळे कारण सवयीच्या, म्हणजे ‘गेल्या वर्षी होती म्हणून यंदाही आहे’ या खात्यावर जाते.

– एक वाहतूक अभ्यासक