भुलेआधीची भीती डॉक्टरांना सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घाबरलेला पेशंट ऑपरेशनच्या टेबलावर येतो तेव्हा नाडी ११०च्या पुढे आणि वरचं बीपी १६०-१७० दिसणं नेहमीचंच. अशाला झोपवायला भुलेचं औषध बहुधा जास्त लागतं. प्रोपोफॉल, म्हणजे ते दुधासारखं पांढरं इंजेक्शन, धडधाकट प्रौढाला किलोमागे दीड ते अडीच मिलिग्रॅम देतात. ६० किलोच्या माणसाला ९० ते १५० मिलिग्रॅम, म्हणजे ९ ते १५ मिली. भेदरलेला माणूस वरच्या आकड्याकडे सरकतो. म्हणून ते हळूहळू, माणूस हाकेला ओ देईनासा होईपर्यंत सोडतात. खरा घोळ पुढे होतो. झोप लागताच भीतीने चढलेलं बीपी उतरू लागतं, त्यात डोस जास्त गेलेला. १७०चं ९० व्हायला काही मिनिटं पुरतात.

शरीर सुकलेलं असेल तर आणखीच. ‘रात्री दहानंतर पाण्याचा थेंब नको’ हे अजून ऐकू येतं. सोलापूरच्या मे महिन्यात दुपारी दोनला नंबर लागणाऱ्याचे हाल काय होत असतील! साध्या पाण्याला २ तास पुरतात, हलक्या खाण्याला ६, मटण-तळणाला ८. दुधाचा चहा खाण्यातच धरायचा. गरोदर बाई, जुना मधुमेह किंवा आतड्याचा अडथळा असेल तर हिशोब वेगळा. तो डॉक्टरांनीच सांगावा.

धीर यावा म्हणून सकाळी लावलेली मिश्री किंवा दाबलेला मावा नाडी वाढवतो. रोजची दारू तर घरचेच लपवतात, आणि नेमका तिच्यामुळे डोस वाढू शकतो.

कमरेतल्या भुलेची गोष्ट निराळी. तिच्यात हात लावलेला, ओढलेलं कळतं, दुखत नाही. हे आधी सांगितलं नसेल तर भेदरलेला माणूस त्यालाच दुखणं समजतो, उठू पाहतो, आणि शेवटी पूर्ण भूल द्यावी लागते.

आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञाने पेशंटजवळ दहा मिनिटं बसावं. गरज वाटली तर भीती कमी करायला रात्री अल्प्राझोलाम पाव मिलिग्रॅम, टेबलावर मिडाझोलाम एक-दोन मिलिग्रॅम. म्हाताऱ्यांना मात्र हात आखडूनच. आपल्याकडे पेशंट तेलुगू बोलणारे, कन्नड बोलणारेही असतात. त्यांच्या भाषेत बोलणारी एखादी सिस्टर त्या वेळी सोबत हवी. संमतीपत्रावर अंगठा घेताना हे सांगून उपयोग नाही, तोवर उशीर झालेला असतो.

आपले,
काही भूलतज्ज्ञ, सोलापूर