काँट्रॅक्ट संपलं म्हणजे बेकार नाही हो

संपादक साहेब, नमस्कार.

सांगलीत बसून पुण्या-बेंगलोरच्या कंपन्यांची डिझाईनची कामं करणारे आमच्यासारखे बरेच झालेत आता, पण काँट्रॅक्ट संपून माणूस दोन महिने घरी दिसला की गल्लीत चौकशी सुरू, नोकरी गेली का म्हणून. अहो, हळदीचा सीझन संपला की व्यापाऱ्याला कोण बेकार म्हणतं का!

दोन कामांमधला गॅप धरूनच रेट लावायचा, आलेला पैसा वेगळ्या खात्यात टाकून तिथनं स्वतःला दरमहा ठरलेला पगार घ्यायचा, एवढं जमलं तर घर चालतं. खरा घोळ अडकलेल्या बिलांचा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, ऑनलाइन फुकट होते (उगाच एजंटला पैसे देऊ नका), ती आधीच करून ठेवली की २००६ च्या एमएसएमई म्हणजे लघुउद्योगांच्या कायद्यानं कंपनीला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. तक्रारसुद्धा ऑनलाइन करता येते. पण करणार कोण, पुढचं काम त्याच कंपनीकडनं यायचं असतं ना. वरनं फीमधनं बहुतेक वेळा १० टक्के टीडीएस (आधीच कापलेला टॅक्स) गेलेला, टॅक्स तेवढा बसत नसला तरी रिटर्न भरल्याशिवाय तो परत येत नाही, म्हणजे ऐन गॅपमध्ये आपलाच पैसा हातात नाही.

आणि लोन मागायला गेलं की सॅलरी स्लिप आणा म्हणतात. जिल्ह्यातल्या बँकांनी निदान तीन वर्षांचे रिटर्न बघून तरी आम्हाला दारात उभं करावं.

– एक फ्रीलान्सर, विश्रामबाग, सांगली