झाडं संपतात तिथून वर

ती. आई आणि ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर मी हरणाच्या शिकारीला जाणार असल्याचं सांगितलं तेव्हा तुम्ही विचारलंत की खाली एवढं दाट जंगल असताना हरणं बारा हजार फुटांवरच्या उघड्या माळावर कशाला चढतील. आणि आई, तू मागून विचारलंस की तिथं काही झालं तर येणार कोण. दोन्ही प्रश्न फोनवर उरकण्यासारखे नाहीत, म्हणून नीट बसून लिहिते आहे.

आधी जागा समजून घ्या. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याच्या नैर्ऋत्येला सॅन हुआन नावाच्या डोंगररांगा आहेत. तिथं साधारण ११,५०० फुटांवर झाडं संपतात. शेवटची स्प्रूसची झाडं वाऱ्यानं खुरटून कमरेएवढी राहतात, जमिनीला चिकटून वाढतात. त्याच्या वर नुसतं गवत, रानफुलं, विलोची खुरटी झुडपं, कातळ आणि सुट्या दगडांचा घसारा. दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी बारा हजार फुटांना हजार-बाराशे फूट कमीच पडतील. जुन्या हिमनद्यांनी कोरलेल्या मोठ्या खोलगट जागा इथं जागोजागी आहेत. तीन बाजूंना कडे आणि चौथी बाजू दरीकडे उघडी. इथले लोक तिला बेसिन म्हणतात. आपलं हरिण उन्हाळाभर तिथंच असतं.

हरिण म्हणजे म्यूल डिअर. खेचरासारखे लांब कान, म्हणून हे नाव. चितळापेक्षा मोठं, सांबरापेक्षा लहान. पुरा वाढलेला नर सत्तर ते शंभर किलोचा भरतो. सांबरासारखीच याची शिंगं दर वर्षी गळतात, याची हिवाळ्यात, आणि वसंतात नव्यानं फुटतात. उन्हाळाभर त्यांच्यावर मखमलीसारखी कातडी असते, आत रक्तवाहिन्या असतात आणि जराशा धक्क्यानं दुखतं. बाबा, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच आहे. दाट झाडीत ती कोवळी शिंगं फांद्यांना अडकतात. शिवाय वर बर्फ उशिरा वितळतो, त्यामुळे ऑगस्टमध्येही कोवळा पाला मिळतो, आणि शिंग वाढवायला तसाच सकस चारा लागतो. सतत वारा असल्यानं माश्या-डास कमी. पहाडी सिंह, म्हणजे इथला प्यूमा, लांबून दिसतो. माद्या पिलांना घेऊन बहुतेक खालच्या अंगाला राहतात, नर मात्र तिघं-चौघं मिळून वर. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात दिवस लहान होतो तशी मखमल सुकते, नर झुडपांवर शिंगं घासून ती काढून टाकतात आणि मग हळूहळू झाडीत शिरतात. म्हणजे उघड्यावर सापडण्याचे दिवस मोजकेच.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. इथं मनाला येईल तेव्हा बंदूक घेऊन जाता येत नाही. १९९९ पासून कोलोरॅडोत हरणाचे सगळे परवाने मोजून दिले जातात. एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत अर्ज करायचा, मग सोडत निघते. झाडांच्या वरच्या भागासाठी सप्टेंबरात रायफलचा एक छोटा हंगाम असतो, त्याचे परवाने फारच थोडे. परवाना एका ठरावीक भागाचा आणि एका जनावराचा. १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला सुरक्षेचा अभ्यासक्रम पुरा केल्याचा दाखला लागतो. अंगावर कमरेच्या वर निदान ५०० चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी कापड आणि डोक्यावर त्याच रंगाची टोपी. आई, दुसऱ्या कुणाची गोळी लागण्याची जी भीती तुला वाटते, तिच्यासाठीच हा नियम आहे.

खरं काम दुर्बिणीचं. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून गोळी झाडायला परवानगी असते, पण त्याच्याही आधी, अंधारातच, बेसिनच्या समोरच्या धारेवर जाऊन बसायचं. धारेच्या माथ्यावर नाही, थोडं खाली, नाहीतर आकाशाच्या पार्श्वभूमीवर माणूस खांबासारखा दिसतो. दहा पट मोठं दाखवणारी दुर्बीण तिवईवर लावायची. हातात धरलेल्या दुर्बिणीतून कान हलताना कधीच दिसत नाही. समोरचा उतार मनातल्या मनात पट्ट्यांत वाटून एकेक पट्टी सावकाश बघायची. अख्खं हरिण शोधू नये. उभ्या-तिरक्या दगडांत एखादी आडवी रेघ म्हणजे पाठ, पांढरा ठिपका म्हणजे ढुंगण, विलोच्या वर चमकलेलं काहीतरी म्हणजे शिंगाचं टोक. सप्टेंबरच्या सुरुवातीला अंगावर उन्हाळ्यातला तांबूस रंग असतो, तो हिरव्यावर उठून दिसतो. पुढं राखाडी केस आले की दगड कुठला आणि हरिण कुठलं हे कळत नाही.

आठ-नऊच्या सुमाराला नर चरणं थांबवून कड्याच्या पायथ्याशी सावलीत बसतात. दुपारी सावली सरकली की उठून जागा बदलतात. सकाळी बसलेलं हरिण नीट हेरून ठेवलं की पुढचा डाव आखता येतो. इथं नवखी माणसं हमखास चुकतात. पलीकडच्या बाजूनं गेल्यावर तीच जागा ओळखू येत नाही, प्रत्येक दगड सारखाच वाटतो. म्हणून निघण्याआधी दुर्बिणीला फोन लावून फोटो घ्यायचा आणि खूण ठरवायची: पांढऱ्या गारगोटीचा पट्टा, त्याच्या डावीकडं दोन विलो, त्यांच्या खाली हरिण.

आता वारा. यावर सगळं अवलंबून आहे. हरिण डोळ्यांना फसेल, कानांना फसेल, नाकाला फसत नाही. रात्री थंड झालेली जड हवा उताराच्या खाली वाहत असते. ऊन पडून जमीन तापली की नऊ-दहाच्या सुमाराला तीच हवा वर चढू लागते. मधला तासभर ती कुठंही फिरते, बेसिनच्या कड्यांवर आपटून भोवरे घेते. त्या तासात जवळ जाणारा हमखास हरिण घालवतो. हवा वर चढू लागल्यावर हरणाच्या वरच्या बाजूनं उतरायचं, म्हणजे आपला वास आपल्याही वर निघून जातो. संध्याकाळी उलटं होतं, आणि तेही सगळीकडं एकदम होत नाही. ज्या भिंतीवर सावली आधी पडते तिथं हवा आधी खाली वळते, समोरच्या उन्हातल्या भिंतीवर ती अजून वर चढत असते. आई, आपल्या रुईच्या बोंडातून म्हातारी उडते ना, तशीच इथं मिल्कवीड नावाच्या झाडाची मिळते. ती खिशातल्या डबीत ठेवायची आणि एकेक सोडत राहायची. वारा बघायला काहीजण पावडर उडवतात, ती हाताजवळचा वारा दाखवते; म्हातारी शंभर हात पुढं जाऊन तिथला वारा दाखवते. समोर वाऱ्यावर जाता जाता ती मध्येच थबकून मागं वळली, तर जागच्या जागी थांबायचं.

बाबा, तुमच्या आवडीचं एक गणित. तीनशे यार्डांवर, तीस अंश खालच्या कोनात हरिण आहे. गोळी किती अंतराची धरून मारायची? गुरुत्वाकर्षणाचा परिणाम आडव्या अंतरावर ठरतो: ३०० गुणिले कोसाईन ३०, म्हणजे २६० यार्ड. तीनशे धरले तर गोळी वरून जाते. गंमत म्हणजे वरच्या दिशेनं मारली तरी वरूनच जाते, लोकांना मात्र एका बाजूला उलटं होईलसं वाटतं. त्यात वरची हवा विरळ असल्यानं गोळी मैदानापेक्षा थोडी कमीच पडते. म्हणून डोंगरावर पोचल्यावर, शिकारीच्या जागेपासून लांब, नेम पुन्हा तपासावा लागतो. प्रवासात रायफलीवरच्या दुर्बिणीला धक्का बसलेला असतोच. रायफल पाठपिशवीवर टेकवून, पालथं पडून, पुढच्या पायाच्या मागं फुप्फुसांवर नेम धरायचा. आणि हरिण पडून कुठं जाईल हे आधी बघायचं. कड्याच्या काठावर उभ्या असलेल्या हरणावर गोळी झाडूच नये. ते दोनशे फूट खाली घरंगळलं तर मांसाचा चिखल होतो आणि माणसाला तिथं उतरता येत नाही.

गोळी लागल्यावर लगेच धावायचं नाही. उभं होतं ती जागा खुणेनं लक्षात ठेवायची, अर्धा तास थांबायचं. गुलाबी फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस, ते जवळच सापडतं. काळपट लाल म्हणजे यकृत. हिरवट, घाण वासाचं म्हणजे कोथळ्यात लागली आहे, तेव्हा काही तास थांबण्याशिवाय इलाज नाही. पाठलाग केला तर जखमी जनावर मैलभर जातं आणि हाल होऊन मरतं. तसं होऊ नये म्हणून खात्री नसलेली गोळी झाडायचीच नाही, याबद्दल माझं मत फार कडक आहे.

आई, पुढचं तुला माझ्यापेक्षा चांगलं कळेल. मांस नासतं ते उष्णतेनं. दिवसा वर पंधरा-अठरा अंश तापमान असतं, पण कातडं अंगावर राहिलं तर आतली ऊब तासन् तास टिकते. सगळ्यात आधी नासते ती मागच्या मांडीच्या खुब्याजवळची जागा, कारण तिथं जाड हाड आणि जाड मांस दोन्ही. बाहेरून लालभडक दिसतं आणि हाडाजवळ हिरवट आंबूस. म्हणून पोट न फाडताच एका कुशीवर ठेवून पाठीपासून कातडं सोलायचं, पुढचा आणि मागचा फरा सोडवायचा, कण्याला लागून असलेली लांब पट्टी काढायची, मग जनावर उलटवून दुसरी बाजू. कण्याच्या आतल्या बाजूचे दोन कोवळे तुकडे शेवटी. हे सगळं न्यायलाच लागतं, खाण्याजोगं मांस टाकून येणं इथं गुन्हा आहे. नर असल्याची खूण मांसाच्या एका भागाला जोडलेली ठेवायची आणि परवान्याची चिठ्ठी लावायची. तुकडे सुती पिशव्यांत घालून दगडाच्या उत्तरेच्या सावलीत, खालून वारा लागेल असे ठेवायचे. प्लास्टिकमध्ये कधीच नाही, घाम सुटून लवकर वास येतो. ओढ्यात धुवायचंही नाही. रात्रीच्या गारव्यात वरचा थर सुकून पापुद्रा धरतो, मग माशी बसत नाही. काळी अस्वलं असतात, म्हणून मांस आतड्यांपासून निदान शंभर पावलं लांब.

हाडं काढून मोठ्या नराचं तीसेक किलो मांस होतं. तंबू आणि सामानाचं ओझं वेगळंच. सॅन हुआनमधला बराच भाग संरक्षित रानात येतो, तिथं गाडी तर नाहीच, चाकाची हातगाडीसुद्धा चालत नाही. पाठीवर दोन खेपा. घसाऱ्यावरून ओझं घेऊन उतरताना घोटा मुरगळतो तो इथंच, दमलेल्या पायांवर, दुसऱ्या खेपेला. दोन्ही हातांत काठ्या घ्यायच्या आणि ओझं पंचवीस किलोच्या वर जाऊ द्यायचं नाही.

आई, तुझा प्रश्न. मला तिथं भीती आहे ती विजेची. त्या दिवसांत दुपारी जवळजवळ रोज ढग उभे राहतात. अडचण अशी की वारा विश्वासाचा होतो दहानंतर आणि ढग जमतात बाराच्या सुमाराला. मधले दोनच तास हाती असतात. ढगाचा माथा कोबीच्या गड्ड्यासारखा फुगू लागला की हरिण समोर असलं तरी धार सोडून झाडीत उतरायचं. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज आपल्यापर्यंत पोचू शकते. एकट्या झाडाखाली थांबायचं नाही, सारख्या उंचीच्या दाट झाडीत जायचं. भिजलं की वाऱ्यात अंग गार पडतं, सप्टेंबरातही बर्फ पडतो, म्हणून सुती कपडे अजिबात नाहीत, सगळं लोकरीचं.

दुसरं म्हणजे विरळ हवा. बारा हजार फुटांवर समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशांपेक्षाही थोडा कमी प्राणवायू मिळतो. आधी दोन रात्री आठ-नऊ हजार फुटांवर काढायच्या. डोकं दुखलं, जेवण नकोसं झालं तर वर चढायचं नाही. बसल्या जागी धाप लागली किंवा कोरडा खोकला सुरू झाला तर रात्र असली तरी खाली उतरायचं. पाणी तिथं ८८ अंशांनाच उकळतं, डाळ शिजतच नाही. म्हणून मेतकूट, भाजलेल्या पोह्यांचा चिवडा, शेंगदाण्याची चिक्की, लसणाची कोरडी चटणी. वजनाला हलकं आणि पोटाला पुरतं.

मी एकटी जात नाही, मैत्रीण बरोबर असते. फोन लागत नाही, पण उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र कमरेला असतं. रोज रात्री आठला, म्हणजे तुमच्या सकाळी साडेसातला, बाबांच्या मोबाइलवर संदेश येईल. दरीत आकाश थोडं दिसतं, म्हणून तो तासभर उशिरा आला तरी घाबरू नका.

मांस घरी आलं तरी लगेच शिजवायचं नाही. हरणांत मेंदू पोखरणारा एक आजार आहे, तो १९६७ साली इथंच फोर्ट कॉलिन्सला पहिल्यांदा दिसला. माणसाला तो झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरी आजारी जनावराचं मांस खाऊ नये असा सल्ला आहे. डोकं तपासणीला द्यायचं, अहवाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये. मेंदू, मणक्यातला मज्जारज्जू, डोळे, प्लीहा आणि लसिकाग्रंथींच्या गाठी कधीच खायच्या नाहीत. आणि आई, हरणाची चरबी बोकडासारखी नसते, टाळूला मेणासारखी चिकटते. ती चाकूनं सगळी काढून टाकायची. मांस कोरडं, म्हणून तांबड्या रश्श्यात तेल जरा जास्त घालावं लागतं. मांडीचं मांस दह्यात रात्रभर ठेवलं तर बरं का, की तुझ्या मते कच्ची पपई लावावी? हे फोनवर सांग.

कांदा-लसूण मसाला संपत आला आहे. पार्सल करणार असाल तर अर्धा किलो पुरे, आणि मेतकूट थोडं जास्त.

तुमची,
धाकटी